तंबू आणि दुर्बीण : रानात पक्षी पाहताना या चुका टाळा

रानात मुक्काम असला की पक्षी पाहायला वेगळं कुठे जावं लागत नाही. तरी बहुतेक जण तंबू ठोकला की दुर्बीण गळ्यात अडकवून तरातरा चालू लागतात आणि चार तासांनी ‘आज काहीच दिसलं नाही’ म्हणत परततात. आपल्या चाहुलीने गप्प झालेलं रान पुन्हा बोलतं व्हायला वेळ लागतो. पहाटे उजाडायच्या आधी तंबूच्या दाराशी येऊन बसा, सूर्य पाठीशी ठेवा आणि तासभर हलू नका.

सर्वांत मोठी चूक तंबूच्या जागेत होते. नदीकाठचा गोट्यांचा सपाट पट्टा मोहात पाडतो, पण टिटव्या आणि सुरय अशाच उघड्या जागी अंडी घालतात. एकदा आम्ही तिथेच तंबू लावला. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती, आम्ही लक्षच दिलं नाही. दिवेलागणीला दोरीपासून चार पावलांवर गोट्यांमध्ये चार अंडी दिसली. निमुळती टोकं आत वळवलेली, रंग हुबेहूब गोट्यांचा. तंबू तेव्हाच उचलून वर नेला, पण तिने त्या संध्याकाळी किती वेळ अंडी सोडली होती, हे आठवलं की अजून वाईट वाटतं. पक्षी डोक्यावर ओरडत राहिला किंवा पंख मोडल्यासारखा जमिनीवर फरफटत निघाला तर जागीच थांबा, पायाखाली बघा आणि आल्या पावली मागे फिरा. चोचीत अळी धरून पक्षी फांदीवर ताटकळत असेल, तरी तुम्ही घरट्याच्या फार जवळ आहात. एरवीही तंबू पाण्यापासून साठेक मीटर लांब असावा, म्हणजे पाणवठ्यावर येणाऱ्यांची वाट अडत नाही.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं मला अजिबात मान्य नाही. हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो खाणं-पिणं सोडून धावून येतो.

दुर्बिणीतून धूसर दिसतं, ही नेहमीची तक्रार. आधी उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा, मग डावा मिटून डायऑप्टरची, म्हणजे दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक जुळवणारी, कडी फिरवा. ती बहुधा उजव्या नळीवर असते. चष्मा असेल तर डोळ्यांकडचे रबरी कप खाली करा. पहाटेच्या अंधुक उजेडात ८×२५ पेक्षा ८×४२ बरी (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा): पहिलीतून जेमतेम ३ मिलिमीटर रुंदीचा प्रकाशझोत डोळ्यात शिरतो, दुसरीतून ५ मिलिमीटरहून जास्त. थंडीतून तंबूत आणलेल्या दुर्बिणीवर आतल्या दमट हवेने वाफ धरते, म्हणून बाहेरच पिशवीत बंद करून मग आत आणा. शर्टाच्या टोकाने काच पुसू नका, ओरखडे पडतात.

रात्री घुबडाच्या किंवा रातव्याच्या डोळ्यांवर टॉर्च रोखू नका.

पक्षी दिसला की मान खाली घालून दुर्बीण शोधू नका. नजर त्याच्यावरच ठेवा आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा. तरी तो उडालाच, तर लगेच जागा सोडू नका. वेडा राघू, माशीमार यांसारखे पक्षी हवेतला किडा टिपून पुष्कळदा त्याच फांदीवर येऊन बसतात. दुर्बीण तिथेच धरून ठेवा.