बैल, गाडी आणि कट झालेली बलं: गतीच्या धड्यातल्या या चुका टाळा

नववीचा ‘गतीचे नियम’ हा धडा संपला की मी वर्गाला विचारतो: बैल गाडीला जेवढ्या बलाने पुढे ओढतो, तेवढ्याच बलाने गाडी बैलाला मागे ओढते. न्यूटनचा हा तिसरा नियम, प्रत्येक क्रियेला तेवढीच आणि उलट दिशेची प्रतिक्रिया, तर सगळ्यांना तोंडपाठ. मग गाडी हलते कशी? वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरून हमखास येतं, “सर, दोन्ही बलं कट होतात ना!”

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. क्रिया-प्रतिक्रिया कट होत नाहीत, कारण ती एकाच वस्तूवर लागतच नाहीत. एक बल गाडीवर, दुसरं बैलावर. माझ्या खात्यातली जमा तुमच्या खात्यातल्या खर्चाने कशी कमी होईल? आधी गाडीपुरतं बघा: पुढे बैलाची ओढ, मागे वाटेचा विरोध. स्थिर गाडीवर ओढ जास्त झाली की गाडी हलते. आता बैलापुरतं बघा: तो खुरांनी जमीन मागे रेटतो, जमीन त्याला पुढे रेटते. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत भरलेली गाडी रुतते तेव्हा खूर घसरतात, जमिनीचा रेटा कमी पडतो आणि चाकांचा विरोध वाढतो. तिसरा नियम तेव्हाही तंतोतंत पाळला जातो, फक्त गाडी जागची हलत नाही.

म्हणून आकृतीत एकच वस्तू काढा आणि तिच्यावर लागणाऱ्या बलांचेच बाण दाखवा. प्रत्येक बाणाला विचारा, “तुला कोणी लावलं?” उत्तर मिळालं नाही तर तो बाण खोडा. वर फेकलेल्या चेंडूवर पोरं हमखास ‘हाताचं बल’ दाखवतात. हात तर केव्हाच सुटलेला असतो! हवेचा विरोध सोडला तर चेंडूवर एकच बल असतं, गुरुत्वाचं, तेही खाली. सगळ्यात वरच्या बिंदूला वेग शून्य होतो, त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, मात्र ९.८ मी/से² तेवढंच राहतं.

चाळीसगावहून कन्नड घाट चढताना एसटी वळली की आपण बाहेरच्या बाजूला कलतो. तिथेही बाहेर ढकलणारं कोणी नाही. शरीर सरळच जाऊ बघतं, वळते ती गाडी.

आकडेमोडीत दोनच खड्डे सांगतो. किमी/तास तसेच सूत्रात घालू नका, ५/१८ ने गुणा. ७२ किमी/तास म्हणजे २० मी/से. दुसरा, सरासरी चाल. जळगावहून भुसावळला ६० ने गेलात आणि त्याच रस्त्याने ४० ने परत आलात, तर सरासरी ५० नव्हे, ४८ किमी/तास येते, कारण कमी चालीत वेळ जास्त जातो. आणि प्रश्नात ‘सरासरी वेग’ असेल तर उत्तर शून्य. चाल कापलेल्या अंतरावरून काढतात, वेग विस्थापनावरून, म्हणजे सुरुवातीपासून शेवटच्या जागेपर्यंतच्या सरळ अंतरावरून. घरी परत आलात, विस्थापन झालंच कुठे?

राहिलं वजन. केळीचा घड २० किलो, हे बाजारात ठीक. पेपरात ते वस्तुमान, म्हणजे घडात द्रव्य किती ते. वजन म्हणजे त्याच्यावरचं गुरुत्वाचं बल: २० × ९.८ = १९६ न्यूटन. तोच घड चंद्रावर नेला तर स्प्रिंगचा काटा साधारण सहावा हिस्सा दाखवेल. दोन पारड्यांचा तराजू मात्र तिथेही २० किलोच सांगेल, कारण दुसऱ्या पारड्यातली मापंही तेवढीच हलकी झालेली असतील.