कॅलेंडरमध्ये प्रत्येक मीटिंग दोनदा दिसत होती, ती अडचण अशी सुटली

लक्षण: वेळ बदलली की एक नोंद सरकायची, दुसरी जुन्याच वेळेला राहायची. चुकीच्या रिमाइंडरमुळे दोन मीटिंगा हुकल्या, फार मनस्ताप झाला. ॲप काढून पुन्हा टाकलं, सिंक बंद-चालू केलं, फरक शून्य.

कारण: तेच वेळापत्रक मी लिंकने सबस्क्राइब केलं होतं (यात बदल आपोआप येतात) आणि त्याआधी आयसीएस फाइलमधून, म्हणजे कॅलेंडरच्या नोंदी साठवलेल्या फाइलमधून, इम्पोर्टही. इम्पोर्ट म्हणजे एकदाच घेतलेली प्रत; ती पुढे बदलत नाही.

उपाय संगणकावर केला. आधी सबस्क्राइब केलेल्या कॅलेंडरच्या नावापुढची खूण काढली, म्हणजे ते लपलं. मग मुख्य कॅलेंडरमध्ये मीटिंगचं नाव शोधलं. तिथे ज्या नोंदी दिसल्या, त्याच इम्पोर्ट केलेल्या जुन्या प्रती. पुन्हा पुन्हा येणाऱ्या नोंदीला ‘सर्व’ निवडून डिलीट केलं. इतरांना कळवायचं का असं विचारलं तर ‘नाही’च म्हणा, नाहीतर सगळ्यांना रद्द झाल्याचा मेल जाऊ शकतो. शेवटी खूण परत लावली, फोन सिंक केला.