सार्थक अंक: कॅल्क्युलेटरवर दिसले म्हणून सगळे आकडे उतरवू नका

साध्या पट्टीवर सगळ्यात लहान भाग १ मिलिमीटरचा असतो. त्या पट्टीने पेन्सिल मोजून कोणी लांबी १४.२७३ सेमी लिहिली तर तो शेवटचा ३ आला कुठून? १४.२ पर्यंत खात्री आहे, पुढचा ७ दोन रेघांच्या मधे नजरेने ठरवलाय, म्हणून १४.२७ इथेच थांबायचं. खात्रीचे सगळे आकडे आणि त्यानंतरचा एक अंदाजाचा, हे झाले सार्थक अंक, म्हणजे इथे चार.

गोंधळ होतो तो शून्यांचा. ०.००४५ मधली पुढची शून्यं फक्त जागा धरून बसलीत, सार्थक अंक दोनच. ४००५ मधली मधली शून्यं मोजायची. २.३० मधलं शेवटचं शून्य पण मोजायचं, कारण ते मुद्दाम लिहिलंय, तिथपर्यंत मोजलंय म्हणून. आणि नुसतं ४७०० लिहिलं तर दोन, तीन की चार ते कळतच नाही, म्हणून मला ४.७० × १०³ असं लिहिणंच बरोबर वाटतं, तीन अंक आहेत हे लगेच दिसतं. एकक बदललं तरी अंक बदलत नाहीत, २.३० मीटर काय आणि ०.००२३० किलोमीटर काय, तीनच.

गुणाकार भागाकारात ज्या संख्येत सार्थक अंक सगळ्यात कमी तेवढेच उत्तरात ठेवायचे: ६.४ × १२.३५ = ७९.०४, पण लिहायचं ७९. बेरीज वजाबाकीला मात्र दशांश स्थळं बघायची, इथे खूप जण दोन्ही नियम एकत्र करतात. वजाबाकीत तर जरा जास्तच लक्ष द्या, २५.४२ − २५.३१ = ०.११, दोन्ही मापं चार अंकी होती आणि हातात उरले दोनच! जवळजवळ सारखी दोन मापं वजा करायची वेळ आली की शक्य असेल तर तो फरकच सरळ मोजता येतो का ते आधी बघा.

आता लंबकाचा प्रयोग घ्या. लांबी ०.९८५ मीटर, २० आंदोलनांना ३९.८ सेकंद, म्हणजे आवर्तकाल (एका आंदोलनाचा वेळ) १.९९ सेकंद. इथला २० मोजून घेतलेला आहे, तो अचूक, त्याच्यामुळे अंक कमी होत नाहीत (१ इंच = २.५४ सेमी हे पण तसंच, व्याख्येनेच अचूक). गुरुत्व त्वरणाच्या सूत्रात, g = ४π²L/T² मधे (L लांबी, T आवर्तकाल), टाकलं की कॅल्क्युलेटर ९.८१९५ आणि पुढे बरेच आकडे दाखवतो, आपण लिहायचं ९.८२ मीटर प्रति सेकंद वर्ग. पण कोणी घाईने मधेच १.९९ चे २.० केले तर उत्तर येतं ९.७२, प्रयोग नीट करूनही वाया. म्हणून मधल्या पायऱ्यांत एकदोन आकडे जास्तच राहू द्या, राउंड ऑफ एकदाच करा, सगळ्यात शेवटी.

राउंड करताना पुढे नेमका ५ आणि त्यानंतर काहीच नसेल तर पुस्तकातली पद्धत अशी की आधीचा अंक सम असेल तर तसाच ठेवा, विषम असेल तर एकने वाढवा, म्हणजे ४.६५ चे ४.६ आणि ४.७५ चे ४.८.