नेटवर्क ड्रायव्हरच्या इंटरफेसचे दस्तऐवजीकरण आणि सुसंगतता कशी सांभाळावी

लिनक्स कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, दोन सीमा आहेत, आणि आपण कोणत्या सीमेविषयी लिहीत आहोत हे आधी ठरवून घ्यावे. वापरकर्त्याच्या प्रोग्रामला दिसणारी सीमा, म्हणजे सिस्टीम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे केलेली मागणी) आणि नेटलिंकचे (नेटवर्कच्या मांडणीविषयी कर्नलशी बोलण्याच्या मार्गाचे) संदेश, मोडायची नसते; ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कोड) आणि नेटवर्क स्टॅक (कर्नलमधला पॅकेट हाताळणारा भाग) यांच्यामधली आतली सीमा मात्र कोणत्याही आवृत्तीत बदलू शकते. नागपूरच्या आयटी पार्कमध्ये आम्ही मुख्य कर्नलबाहेर राहिलेला एक इथरनेट ड्रायव्हर सांभाळतो, त्यामुळे हा फरक आमच्या रोजच्या कामाचा आहे.

आतल्या सीमेवरचे काही बदल स्वतःहून दिसतात. ५.६ आवृत्तीत ट्रान्समिट टाइमआउटच्या (पाठवणे अडकल्यास बोलावल्या जाणाऱ्या) फंक्शनला रांगेचा क्रमांक हा नवा पॅरामीटर मिळाला, तेव्हा जुना ड्रायव्हर कंपायलरनेच अडवला. ४.१० मधला बदल अधिक फसवा होता. एमटीयूची (एका पॅकेटच्या कमाल आकाराची) मर्यादा तपासण्याचे काम त्या आवृत्तीत ड्रायव्हरकडून स्टॅककडे गेले आणि इथरनेट उपकरणांना किमान ६८ व कमाल १५०० बाइट ही मूळ मर्यादा लागू झाली. ज्याने स्वतःची कमाल मर्यादा नोंदवली नाही, तो ड्रायव्हर विनातक्रार कंपाइल होतो आणि चालतोही. ९००० चा एमटीयू मागितला की मात्र त्याचे फंक्शन बोलावले जाण्यापूर्वीच नकार मिळतो.

म्हणून कंपायलरला जे कळत नाही, ते दस्तऐवजात सर्वप्रथम लिहावे. पॅरामीटरची नावे हेडरमध्ये कोणीही वाचू शकतो. फंक्शन कोणत्या परिस्थितीत बोलावले जाते, कोणता लॉक (एका वेळी एकालाच काम करू देणारे कुलूप) आधीच धरलेला असतो आणि तेथे थांबून वाट पाहणे चालते का, हे तेथे दिसत नाही. उपकरण उघडणाऱ्या फंक्शनला आरटीएनएल लॉक (नेटवर्कच्या मांडणीतील बदलांसाठीचा कर्नलचा सामाईक लॉक) धरून बोलावले जाते आणि तेथे वाट पाहता येते. पॅकेट पाठवणाऱ्या फंक्शनमध्ये ती मुभा नाही. सॉकेट बफरची (पॅकेट ज्यात ठेवतात त्या मेमरीची) मालकीही स्पष्ट लिहावी: ‘ओके’ परत केले की बफर ड्रायव्हरचा, ‘बिझी’ परत केले तर त्याला हात लावायचा नाही. हे एक वाक्य गाळल्यास तोच बफर दोनदा मुक्त होण्याची चूक घडते, आणि ती शोधण्यात दिवस जातात.

हा मजकूर कोडच्या वरच कर्नल-डॉक पद्धतीच्या (कर्नलचे दस्तऐवज जिच्यातून तयार होतात त्या) टिप्पणीत ठेवावा, बदल आणि टिप्पणी एकाच पॅचमध्ये पाठवावी.

सुसंगततेसाठी आवृत्तीक्रमांकावर विसंबू नये, असे माझे ठाम मत आहे. बुटीबोरीच्या कारखान्यांतली आमच्या ग्राहकांची यंत्रे लिनक्सच्या जुन्या वितरणांवर (कर्नलसह मिळणाऱ्या तयार संचांवर) वर्षानुवर्षे चालतात, आणि वितरक नव्या कर्नलमधले नेटवर्किंगचे बदल जुन्या क्रमांकाखाली आणतात. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ चा कर्नल स्वतःला ४.१८ म्हणवतो, पण त्यातला बराच कोड त्याहून नवा आहे. त्याऐवजी बिल्डच्या वेळी दोन-तीन ओळींचा चाचणी प्रोग्राम कंपाइल करून हवे ते फील्ड किंवा फंक्शन तेथे आहे का हे तपासावे, आणि निष्कर्ष एकाच सुसंगतता-हेडरमध्ये ठेवावेत. मूळ ड्रायव्हर नेहमी नव्यात नव्या इंटरफेसप्रमाणे लिहावा.

बाहेरच्या सीमेवर भर घालावी, बदल करू नये. इथटूलच्या (नेटवर्क कार्डाची मांडणी पाहण्या-बदलण्याच्या साधनाच्या) जुन्या आदेशातील ३२ बिट नव्या लिंक-वेगांना अपुरे पडले, तेव्हा ४.६ मध्ये वेगळा आदेश आला आणि जुनाही चालू राहिला.

प्रकाशनापूर्वी प्रत्येक समर्थित कर्नलवर मॉड्यूल लोड करून एमटीयू ९००० करावा आणि तुकडे न करण्याच्या अटीसह ८९७२ बाइटचा पिंग (उत्तर मागणारे चाचणी-पॅकेट) पाठवावा. आयपी व आयसीएमपी हेडरचे २८ बाइट मिळून बरोबर ९००० होतात.