परिपत्रक आलं होतं, पण आपल्यापर्यंत पोचलंच नाही : जिल्हा परिषद आणि नगरपालिकेतल्या कर्मचाऱ्यांनो, या चुका टाळा

शुक्रवार, दुपारचे चार. ऑफिसच्या ग्रुपवर एक पीडीएफ येऊन पडते : प्रशिक्षणासाठी इच्छुकांची नावे आज सायंकाळपर्यंत कळवावीत. पत्राची तारीख बघावी तर अठरा दिवसांपूर्वीची. वर जिल्हा परिषदेच्या बारनिशीचा, म्हणजे टपालाची आवक-जावक नोंदवणाऱ्या टेबलाचा, शिक्का, त्याखाली पंचायत समितीच्या बारनिशीचा शिक्का, दोन्हींत अकरा दिवसांचं अंतर. कोपऱ्यात हे पत्र कुणाकडे द्यायचं याचं साहेबांचं मार्किंग, त्याच्या शेजारी कुणाच्या तरी चहाच्या कपाचं गोल वळं. म्हणजे पत्र फिरत होतं. फक्त ज्याच्यासाठी निघालं होतं त्याच्या टेबलावर आलं नव्हतं.

माझी बरीचशी नोकरी आस्थापनेच्या, म्हणजे नेमणुका-बदल्यांची कागदपत्रं बघणाऱ्या, टेबलावर गेली. अशी पत्रं मला उशिरा मिळाली तशी, खरं सांगायचं तर, माझ्याकडूनही उशिरा सुटली. त्यामुळे पुढे जे लिहिलंय त्यात दुसऱ्यांच्या चुका आहेत तशा माझ्याही आहेत.

फॉरवर्ड आलं की शासन निर्णय आला, असं धरणं

निवृत्तीचं वय साठ झालं, ही बातमी माझ्या फोनवर किती वेळा आली याची मोजदाद सोडून दिली आहे. राज्यात गट अ, ब आणि क साठी ५८ आणि गट ड साठी ६० हा नियम वर्षानुवर्षं चालत आला आहे. मागणी होते, निवेदनं जातात, संघटना मंत्र्यांना भेटतात, आणि त्या भेटीच्या फोटोलाच लोक निर्णय समजून पेढे मागतात. मागणी, प्रस्ताव, मंत्रिमंडळाचा निर्णय आणि शासन निर्णय या चार वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. आपल्या हातात पैसे किंवा हक्क पडतो तो चौथीनंतर.

खरा शासन निर्णय ओळखायला दोन मिनिटं पुरतात. शेवटच्या पानावर संकेतांक असतो, अठरा अंकी. त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. शेवटचे दोन विभागाचे. वित्त विभागाचा ०५, सामान्य प्रशासनाचा ०७. शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णयांच्या पानावर हा संकेतांक टाकायचा. कागद तिथे निघाला तर ठीक, नाही तर तो कागद पुढे पाठवायचा नाही. खाली ‘राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असं लिहिलेलं दिसलं म्हणून फसू नका, ते कुणालाही टाइप करता येतं.

अजून एक. निर्णय खरा असतो, पण शिळा. चार वर्षांपूर्वीचा निर्णय कुणीतरी उत्साहात टाकतो आणि मधल्या काळात तो अधिक्रमित झालेला, म्हणजे नव्या निर्णयाने बाद केलेला असतो, किंवा त्यावर शुद्धिपत्रक निघालेलं असतं. जुना निर्णय हातात आला की त्याच विषयावरचा सगळ्यात नवा शोधायचा आणि त्यातला ‘वाचा’ हा भाग आधी बघायचा. मागचे सगळे संदर्भ तिथे ओळीने असतात. बहुतेक जण तोच भाग सोडून थेट खाली उतरतात.

‘राज्य कर्मचारी’ म्हणजे आपणच, असं समजणं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

आपण सगळे पगार सरकारी म्हणून घेतो, पण कायद्याच्या दृष्टीने आपली घरं वेगळी आहेत. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचा कर्मचारी १९६१ च्या अधिनियमाखाली येतो, नगरपरिषद आणि नगरपंचायतीचा १९६५ च्या, महानगरपालिकेचा (मुंबई सोडून) १९४९ च्या, आणि ग्रामपंचायतीचा १९५८ च्या. पहिल्या आणि शेवटच्याचं मंत्रालयातलं दार ग्रामविकास विभाग, मधल्या दोघांचं नगरविकास. वित्त विभागाने राज्य शासकीय कर्मचाऱ्यांसाठी काढलेला निर्णय आपोआप या चारही घरांत शिरत नाही.

मग कळायचं कसं? निर्णयाच्या शेवटच्या परिच्छेदांत. निवृत्तिवेतनावरच्या महागाई वाढीचे निर्णय काढून बघा. त्यात १९६१ च्या अधिनियमाच्या कलम २४८ च्या परंतुकाचा (कलमाला जोडलेल्या ‘परंतु’ने सुरू होणाऱ्या भागाचा) उल्लेख करून, हा निर्णय जिल्हा परिषदांच्या निवृत्तांनाही लागू आहे, असं एक लांबलचक वाक्य असतं. वाचायला कंटाळवाणं, पण तुमचा हक्क त्या एका वाक्यात बसलेला असतो. ते वाक्य नसेल तर आपल्या विभागाचं स्वतंत्र पत्र निघेपर्यंत थांबावं लागतं. महापालिकेत तर बऱ्याच गोष्टींना महासभेचा ठराव लागतो आणि तिजोरीत काय आहे तेही बघावं लागतं. शेजारच्या महापालिकेला मिळालं म्हणून आपल्याला पुढच्या महिन्यात मिळेल, हा हिशेब चालत नाही.

२ फेब्रुवारी २०२४ चा वित्त विभागाचा निर्णय आठवत असेल. नवी निवृत्तिवेतन योजना लागू झाली ती तारीख १ नोव्हेंबर २००५. ज्यांच्या पदाची जाहिरात त्यापूर्वी निघाली, पण रुजू मात्र त्यानंतर झाले, अशांना जुन्या निवृत्तिवेतनाचा एकदाच पर्याय. मुदत सहा महिने, दिलेला पर्याय अंतिम. त्या दिवशी ग्रुपवर दोनच प्रकारचे मेसेज होते : अभिनंदन, आणि ‘आपल्याला लागू का?’ हा दुसरा प्रश्न ज्यांनी लेखी विचारला, त्याच आठवड्यात जाहिरातीची प्रत आणि नियुक्तीचा आदेश कपाटातून बाहेर काढला, त्यांची पुढची धावपळ वाचली. वीस वर्षांपूर्वीची जाहिरात शोधणं हे कामच वेगळं असतं. वर्तमानपत्राचं ते कात्रण कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बममध्ये सापडतं.

अर्ज परस्पर टाकणं

दुसऱ्या विभागाची जाहिरात निघते, तरुण लिपिक रात्री जागून ऑनलाइन फॉर्म भरतो आणि ऑफिसात कुणाला सांगत नाही. निवड होईल की नाही, उगाच गाजावाजा कशाला, असा विचार. निवड होते. कागदपत्र तपासणीला ना हरकत प्रमाणपत्र मागतात, आणि मग धावाधाव.

प्रमाणपत्र उशिरा मिळालं तर निभतं एकवेळ. खरी अडचण पुढची. परवानगी घेऊन अर्ज केला असेल तर आधीची सेवा जोडून घ्यायला आणि वेतन संरक्षण, म्हणजे आधीचा पगार कमी होऊ नये हे, मागायला आधार राहतो. परवानगीशिवाय अर्ज केला आणि साधा राजीनामा देऊन निघालात, तर मागची सेवा गेली असं धरून चाला. आठ-दहा वर्षांची नोकरी एका ओळीच्या राजीनाम्यात वाहून जाते. राजीनाम्यात ‘वैयक्तिक कारणास्तव’ असं लिहायची फार सवय आहे लोकांना. दुसऱ्या शासकीय पदावर निवड झाल्यामुळे, अमुक परवानगीच्या आधारे, असं स्पष्ट लिहा आणि सोबत परवानगीची प्रत जोडा.

जाहिरात दिसली त्याच दिवशी परवानगीचा अर्ज बारनिशीत द्या. पोच घ्या. पोच म्हणजे दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक. ‘साहेबांना तोंडी सांगितलंय’ ही पोच नव्हे.

संधीची दुसरी बाजू न विचारणं

आंतरजिल्हा बदलीचं पोर्टल उघडलं की गावाकडे जायच्या आनंदात कुणी सेवाज्येष्ठतेचा विचार करत नाही. नव्या जिल्ह्यात गेलात की तुमचं नाव त्या संवर्गाच्या यादीत शेवटी जातं. पंधरा वर्षं नोकरी झालेला माणूस गेल्या वर्षी लागलेल्या पोराच्या खाली. घरी आई-वडील थकलेले असतील तर हा सौदा परवडतोही, मी कुणाला नाही म्हणणार नाही. फक्त कळून करा.

पदोन्नती नाकारताना तसंच. गाव सोडावं लागेल म्हणून नकार लिहून देतात. पदोन्नती नसली तरी दहा, वीस आणि तीस वर्षांनी वरची वेतनश्रेणी देणारी आश्वासित प्रगती योजना आहेच की, वेतनश्रेणी कुठे जाते, असा समज. पण पदोन्नती नाकारली की त्या योजनेच्या लाभावरही गदा येते. नकाराच्या कागदावर सही करण्यापूर्वी लेखा शाखेतल्या एखाद्या जाणत्या माणसाशी अर्धा तास बसा. अशी माणसं प्रत्येक ऑफिसात एकतरी असतात आणि चहापलीकडे काही मागत नाहीत.

यादी लागली आणि बघितलीच नाही

ग्रामपंचायतीचा शिपाई, पाणीपुरवठा कर्मचारी, वसुली लिपिक. यांच्यासाठी जिल्हा परिषदेच्या गट क आणि गट ड पदांत दहा टक्के जागा असतात. त्यासाठी दहा वर्षांची सेवा लागते आणि जिल्ह्याची ज्येष्ठता यादी त्यावरच बनते. आधी तात्पुरती यादी, मग हरकती, मग अंतिम.

गावात पहाटे व्हॉल्व्ह सोडायला जाणाऱ्या माणसाला ही तात्पुरती यादी कोण दाखवणार? पंचायत समितीच्या फलकावर ती लागते, पावसात भिजते, हरकतींची मुदत संपते. नंतर कळतं की नाव आहे, पण नेमणुकीची तारीख दोन वर्षं पुढची पडली आहे, कारण ठरावाची प्रतच प्रस्तावाला जोडली नव्हती. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एक विनंती : यादी आली की त्या माणसाला बोलावून त्याच्या नावाची ओळ बोटाने दाखवा. जन्मतारीख, नेमणुकीची तारीख, शिक्षण. तिन्ही त्याच्याकडून वाचून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या पिशवीत तीन कागद ठेवावेत : नेमणुकीच्या ठरावाची साक्षांकित प्रत, शाळा सोडल्याचा दाखला आणि पगाराच्या नोंदी. ग्रामपंचायतीचं दप्तर हरवतं, जळतं, नव्या इमारतीत जाताना गहाळ होतं. पिशवी हरवत नाही.

प्रशिक्षण घेतलं, नोंद नाही

पुण्याची यशदा ही राज्याची प्रशिक्षण संस्था आहे, १९२६ पासून काम करणारी अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था आहे, आणि आता मोबाइलवर आयगॉट कर्मयोगी हे केंद्राचं ऑनलाइन प्रशिक्षणाचं व्यासपीठही आहे. २०२० मध्ये केंद्राने मिशन कर्मयोगीला मंजुरी दिली, तिथून ते सुरू झालं. शिकायची सोय नाही, ही तक्रार आता फारशी टिकत नाही.

चुका होतात त्या बारीक. आयगॉटवर नाव घरच्या नावाने टाकायचं, सेवापुस्तकात दुसरंच. ऑफिसच्या नावाच्या जागी जे पहिलं दिसेल ते निवडायचं. मग प्रमाणपत्र आपल्याकडे, पण आपल्या ऑफिसच्या हिशेबात आपण शून्य. नाव सेवापुस्तकात आहे तसंच भरा. लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींनी तर आधी राजपत्रातला बदल सेवापुस्तकात चढवून घ्यावा, मग बाकी सगळं.

वर्गात जाऊन केलेल्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र बहुतेकांच्या घरी फ्रेममध्ये असतं. सेवापुस्तकात नोंद नसते. परत आल्यावर आठवड्यात एक अर्ज, सोबत प्रत, नोंद घ्यावी ही विनंती. वर्षातून एकदा सेवापुस्तक मागून बघायचा तुम्हाला अधिकार आहे. बघताना फोटो काढू दिला तर काढा.

ऑफिसबाहेरच्या कामात उत्साहाच्या भरात

रक्तदान, पूरग्रस्तांसाठी मदत, वाचनालय, कथा-कविता. अधूनमधूनचं आणि मानधनाशिवायचं सामाजिक किंवा साहित्यिक काम वर्तणूक नियमांना चालतं, ऑफिसचं काम अडत नसेल तर. पैसे किंवा संस्थेतलं पद आलं की आधी परवानगी. पतसंस्थेची निवडणूक लढवायची असेल तर फॉर्म भरण्यापूर्वी विचारा.

समाजमाध्यमांबाबत सामान्य प्रशासन विभागाने जुलै २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि त्या स्थानिक स्वराज्य संस्थांनाही लागू आहेत. वैयक्तिक आणि कार्यालयीन खातं वेगळं ठेवा, धोरणांवर टीका नको, गोपनीय कागद टाकू नका, आणि चांगल्या कामाची माहिती देताना स्वतःची आरती ओवाळू नका. शेवटची सूचना वाचून आमच्या ग्रुपवर दोन दिवस शांतता होती.

मुदत गेली, आता?

आधी मूळ पत्र मिळवा. फॉरवर्ड नव्हे, मूळ पत्र. त्यावरचे शिक्के बघा : कुठे आलं, कुठे थांबलं. तुमच्या हातात उशिरा पडलं हे शिक्क्यांवरूनच सिद्ध होतं. मग त्याच दिवशी अर्ज करा. भांडणाचा सूर नको. अमुक तारखेचं पत्र आमच्या कार्यालयात अमुक तारखेला प्राप्त झालं, सबब अर्ज स्वीकारावा, असा. कधी घेतात, कधी नाही. मुदत वाढलेली असण्याचाही संभव असतो, म्हणून मुदतवाढीचं पत्र शोधायला विसरू नका. ते तर मूळ पत्राहूनही उशिरा पोचतं.

वरून उत्तरच आलं नाही तर माहितीच्या अधिकारात त्या पत्राच्या आवक-जावक नोंदीची प्रत मागता येते, उत्तराची मुदत तीस दिवस. स्वतःच्या ऑफिसात असा अर्ज टाकणं जड जातं, टेबलं समोरासमोर असतात. मी एकदा एका सहकाऱ्याला त्याऐवजी सरळ बारनिशीच्या मावशींकडे पाठवलं. त्यांनी रजिस्टर उघडून पान दाखवलं. पत्राच्या नोंदीपुढे ‘कोणाकडे दिले’ या रकान्यात माझं नाव होतं, खाली माझीच सही.