हॉस्टेलच्या ग्रुपचं चिन्ह ठरवायलात? आधी सोरोरिटीवाल्या पोरींचं बघा

गॅदरिंग जवळ आलं की आमच्या संभाजीनगरच्या हॉस्टेलवर टी-शर्टचा विषय निघायचा, चिन्ह काय टाकायचं म्हणून पोरी रात्री बारापर्यंत बसायच्या अन् शेवटी कुणीतरी मोबाईलमधून मुकुट नाहीतर पंख काढायचं, तेच छापायचं. पुढच्या वर्षी फर्स्ट इयरची पोरगी विचारायची, ताई मुकुट कशाला? कुणालाच सांगता यायचं नाही. म्हणून हे लिहायले.

अमेरिकेत कॉलेजच्या पोरींच्या संघटना असतात त्याला सोरोरिटी म्हणतात, त्यांच्याकडं प्रत्येक खुणेमागं गोष्ट आहे. डेल्टा गॅमा घ्या, १८७३ साली मिसिसिपीत नाताळच्या सुट्टीत शाळेतच राहिलेल्या तीन पोरींनी सुरू केली, पहिल्या बॅजवर होप म्हणजे आशा याचं एच अक्षर होतं, नंतर त्याजागी नांगर आला. शेतातला नाही हं, जहाजाचा. वादळात जहाज धरून ठेवतो म्हणून तो आशेची जुनी खूण. अल्फा कप्पा अल्फा १९०८ ला हॉवर्ड विद्यापीठात काळ्या विद्यार्थिनींनी काढली, त्यांची खूण मोती, वीस मोती म्हणजे वीस संस्थापक, कमला हॅरिस यांच्या गळ्यात मोती दिसतात ना, त्या याच संघटनेच्या. मला हे सगळ्यात आवडतं, कारण मोती मोजले की माणसं आठवतात.

पण तिकडचं जसंच्या तसं उचलू नका. कप्पा कप्पा गॅमाचं घुबड म्हणजे शहाणपण, आपल्याकडं तेच घुबड घरावर बसलं की आजी देवापुढं दिवा लावती. अन् ग्रीक अक्षरं तर नकोच, ती बहुतेक त्यांच्या गुप्त ब्रीदवाक्याची आद्याक्षरं असतात, ते वाक्य फक्त मेंबरांना माहीत.

मग करायचं काय, तर आधी वहीत लिहा की तुम्ही कितीजणी होत्या अन् एकमेकींच्या कामाला कधी आलात. आमचं असं, मे महिन्यात टँकर खालीच यायचा अन् आम्ही सातजणी जिन्यात ओळीनं उभ्या राहून तिसऱ्या मजल्यापर्यंत कळशा हातोहात चढवायचो, वरचीच्या हातात जाईपर्यंत निम्मं पाणी ओढणीवर. म्हणून आमचं चिन्ह कळशी, गळ्याला सात रेघा. रंग दोनच घ्या, छपाईही स्वस्त पडती.

सोरोरिटीत नव्या पोरीला एक मोठी बहीण देतात, ते तर आपल्या महालक्ष्म्यांसारखंच झालं, ज्येष्ठा अन् कनिष्ठा. तेवढं जरूर घ्या. वेलकमच्या दिवशी सीनियरनं आपल्या हातानं ज्युनियरला बॅज लावायचा अन् लावतानाच गोष्ट सांगायची, भाषण नको, दोन वाक्यं बास.

गोष्ट तारखेसकट रजिस्टरमध्ये लिहून वॉर्डन मॅडमकडं ठेवा, पोरींकडं ठेवलं की शेवटच्या पेपरनंतर कुणाच्या तरी बॅगेत गावाला जातं.