थकलेल्या बॅटरीवर चालवलेला उपग्रह

उपग्रहाच्या बॅटरीची तब्येत पाहताना व्होल्टेजची सरासरी पाहू नका, ती फसवते. पृथ्वीच्या सावलीत उपग्रह बॅटरीवरच चालतो; ती सावली संपतासंपता व्होल्टेज किती खाली गेलं, तेवढा एकच आकडा रोज टिपा. तोच हळूहळू घसरत असेल तर बॅटरी दमली म्हणून समजा.

नासाच्या सॉर्स (SORCE) उपग्रहाचं हेच झालं. २००३ मध्ये सोडलेला हा उपग्रह वातावरणाच्या माथ्यावर किती सौरऊर्जा पडते ते मोजायचा. सुमारे ६४५ किमी उंचीवर दिवसाला जवळपास १५ फेऱ्या, म्हणजे बॅटरीला तितक्याच वेळा उतरणं-भरणं. २०१३ च्या जुलैअखेर निकेल-हायड्रोजन बॅटरीने हात टेकले आणि मोजमाप थांबलं.

चार्जिंग वाढवून भागत नाही, सेल तापून आणखी लवकर जातात. म्हणून नवं सॉफ्टवेअर वर पाठवलं: उन्हात काम, सावलीत उपकरणं बंद. झंझट उरते ती तापमानाची. गारठलेलं उपकरण उन्हात आल्यावर लगेच स्थिरावत नाही, त्यामुळे सुरुवातीच्या नोंदी तपासूनच घ्याव्या लागतात. २०१४ च्या सुरुवातीपासून फेब्रुवारी २०२० पर्यंत गाडी अशीच चालली.